धारवाडचा अर्ज : शाळाप्रवेश, अपील आणि प्रतीक्षा यादीचा इतिहास

१/ जून १८५६. मुंबई इलाख्यातील धारवाड येथे एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. तो मिळेना, तेव्हा त्याने मुंबई सरकारकडे दाद मागितली. पुढील बावीस महिन्यांत या एका मुलाच्या प्रवेशाचा प्रश्न मुंबईहून कलकत्त्याला आणि कलकत्त्याहून लंडनला गेला. शाळाप्रवेशाचे अपील म्हणजे काय आणि प्रतीक्षा यादी कशासाठी असते, हे समजून घ्यायचे तर या अर्जापासून आरंभ करणे योग्य ठरते. त्यावर जी उत्तरे आली, त्यांतील युक्तिवाद पुढे दीडशे वर्षे निरनिराळ्या रूपांत परतत राहिले. #थ्रेड

२/ प्रथम दोन शब्दांचा अर्थ. नकार देणाऱ्याहून वरच्या अधिकाऱ्याने तो नकार तपासून पाहावा, ही मागणी म्हणजे अपील. त्यासाठी एखादा नियम आधीच अस्तित्वात असावा लागतो. त्याच्या कसोटीवर नकार चूक की बरोबर हे ठरते. प्रतीक्षा यादीचे काम वेगळे. जागा थोड्या आणि मागणारे अधिक असतील, तेव्हा रिकामी होणारी पुढची जागा कोणाची, याचा क्रम ती आधीच जाहीर करते. म्हणजे एकूण चार गोष्टी लागतात : नियम, वरचा अधिकारी, क्रम आणि मुदत. १८५६ साली धारवाडच्या मुलापाशी त्यांतल्या पहिल्या दोनच होत्या.

३/ नियम कसा आला, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते. पेशवाई संपल्यावर मुंबई इलाख्याचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८२३ च्या सुमारास शिक्षणाविषयी एक टिपण लिहिले. कनिष्ठ मानलेल्या जातींची मुले मिशनऱ्यांना उत्तम विद्यार्थी वाटतात, हे त्यांनी नमूद केले. परंतु त्यांना विशेष उत्तेजन देताना सावध राहावे, असेही सुचविले. सर्वांत तिरस्कृत वर्गात शिक्षण आधी रुजले, तर ते त्यापलीकडे पसरणार नाही, ही त्यांची भीती होती. शिक्षण वरच्या थरांतून खाली झिरपेल, या समजुतीचा पाया इलाख्यात असा घातला गेला.

४/ १८५४ साली कागदावर तरी दिशा बदलली. कंपनीच्या संचालक मंडळाने ५ मे १८५४ च्या पत्रात तत्त्व सांगितले : केवळ जातीच्या कारणावरून कोणत्याही मुलाला सरकारी शाळेत वा महाविद्यालयात प्रवेश नाकारू नये. त्याच वर्षी जुलैत चार्ल्स वुड यांचा प्रसिद्ध शिक्षणविषयक खलिता आला आणि बहुजनांच्या शिक्षणाकडे लक्ष देण्याची जबाबदारी सरकारवर टाकण्यात आली. १८५५ मध्ये मुंबईत जुने शिक्षण मंडळ जाऊन शिक्षण खाते स्थापन झाले. धारवाडचा अर्ज आला तेव्हा तत्त्व लिहिले गेल्याला जेमतेम दोन वर्षे झाली होती.

५/ सरकारी चौकटीबाहेर शिक्षणाची मागणी तोवर जागी झालीच होती. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी महार-मांग मुलांसाठी शाळा चालविल्या. त्या शाळेतील सुमारे चौदा वर्षांच्या मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. शिकण्याची संधी मिळाली तर काय घडते, याचा तो छापील पुरावा होता. धारवाडच्या मुलाची मागणी मात्र वेगळ्या प्रकारची होती. त्याला स्वतंत्र शाळा नको होती. सरकारने सर्वांसाठी उघडलेल्या शाळेत जागा हवी होती.

६/ त्या वेळी मुंबईचे गव्हर्नर होते जॉन, लॉर्ड एल्फिन्स्टन. टिपण लिहिणाऱ्या माउंटस्टुअर्ट यांचे पुतणे. त्यांच्या सरकारने २१ जुलै १८५६ रोजी अर्जावर ठराव केला. ठरावात मुलाचा उल्लेख ‘महार अर्जदार’ असा आहे. आशय असा : प्रश्न व्यवहारात फार बिकट आहे; तात्त्विक न्याय अर्जदाराच्या बाजूने आहे, यात शंका नाही; त्याला अडविणारे पूर्वग्रह लवकरच दूर होतील, अशी सरकारला आशा आहे. परंतु एका किंवा मोजक्या व्यक्तींसाठी युगानुयुगांच्या समजुतींत एकदम हात घातला, तर शिक्षणकार्याचीच हानी होईल.

७/ ठरावातील शेवटचा मुद्दा सर्वांत बोलका आहे. अर्जदाराला सोसावी लागणारी अडचण या सरकारने निर्माण केलेली नाही. म्हणून त्याच्या बाजूने हस्तक्षेप करून ती तडकाफडकी दूर करणे सरकारला शक्य नाही, असे त्यात म्हटले होते. शाळा सरकारची, शिक्षकाचा पगार सरकारी, प्रवेशाचा नियमही सरकारचाच. तरीही नकाराचे उत्तरदायित्व समाजावर ढकलण्यात आले. अपिलाच्या इतिहासात हा नमुना पुन्हा पुन्हा भेटतो : हक्क मान्य, वेळ अयोग्य. अर्जदाराला चूक ठरविले जात नाही. त्याला थांबायला सांगितले जाते, आणि किती काळ ते सांगितले जात नाही.

८/ ठरावामागची भीती अगदीच निराधार नव्हती, हेही नोंदविले पाहिजे. एक मुलगा वर्गात बसला तर बाकीचे पालक आपली मुले काढून घेतील, पट रिकामा होईल आणि नव्याने उभ्या राहणाऱ्या शाळा बंद पडतील, असे अधिकाऱ्यांना वाटत होते. प्रश्न एवढाच होता की, या भीतीची किंमत कोणी मोजायची? ज्यांच्या रागाची धास्ती होती त्यांनी, की ज्याच्यावर अन्याय होत असल्याचे सरकारनेच मान्य केले होते त्याने? जुलै १८५६ चे उत्तर स्पष्ट होते. किंमत अर्जदाराने मोजायची.

९/ प्रकरण कलकत्त्याला गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग यांच्या सरकारपुढे गेले. २३ जानेवारी १८५७ च्या पत्रात तेथून उत्तर आले. मुंबई सरकारने बहुधा शहाणपणानेच वर्तन केले असावे, असे त्यात प्रारंभी म्हटले होते. पुढचे वाक्य मात्र निराळे होते : हाच मुलगा बंगाल प्रांतात असता, तर तेथील कोणत्याही सरकारी शाळेत त्याला प्रवेश नाकारला गेला नसता. सौम्य शब्दांत दिलेला हा ठपकाच होता. एकाच सत्तेच्या दोन प्रांतांत एकाच नियमाचे दोन अर्थ होत होते, आणि मुलगा कोठे जन्मला यावर त्याची शाळा ठरत होती.

१०/ मग लंडन. कंपनीच्या संचालक मंडळाने २८ एप्रिल १८५८ च्या खलित्यात निर्णय दिला. सरकारी शिक्षणसंस्था सर्व वर्गांना खुल्या असाव्यात, हाच आपला हेतू आहे आणि या तत्त्वापासून ढळता येणार नाही, असे मंडळाने बजावले. तत्त्व अमलात आणल्याने काही विद्यार्थी शाळा सोडून जातील, ही शक्यताही मंडळाने मान्य केली. ज्यांना ते पटत नसेल त्यांनी आपली वर्गणी थांबवावी आणि त्या पैशांतून स्वतःपुरत्या वेगळ्या शाळा काढाव्यात, असे उत्तर त्यावर दिले. भीतीची किंमत कोणी मोजायची, या प्रश्नाचे उत्तर लंडनने उलटे केले.

११/ ‘वर्गणी’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. त्या काळी इलाख्यातील अनेक शाळा काही सरकारी पैशांवर आणि काही गावकऱ्यांच्या वर्गणीवर चालत. पैसे देणाऱ्यांना वाटे, शाळेत कोण बसणार हे आपण ठरवावे. म्हणून मुंबई सरकारने काढलेल्या प्रसिद्धिपत्रकात एक भेद केला गेला. संपूर्ण सरकारी खर्चाच्या शाळा सर्व प्रजाजनांना खुल्या राहतील. वर्गणीदारांचा विरोध असेल तेथे मात्र कनिष्ठ जातींची मुले शाळेत घालण्याचा सरकारचा विचार नाही. अशा शाळेची मदत बंद करण्याचा अधिकार सरकार आपल्याकडे राखून ठेवत आहे.

१२/ या भेदातून जी फट राहिली, तिच्यातून पुढील शंभर वर्षांचा इतिहास वाहिला. शाळेचे दार कोणाचे, हा प्रश्न आता पैसा कोणाचा या प्रश्नाशी बांधला गेला. पूर्ण सरकारी शाळा : प्रवेश नाकारता येणार नाही. अंशतः सरकारी मदतीची शाळा : मदत थांबविण्याचा इशारा, पण सक्ती नाही. पूर्ण खाजगी शाळा : मालकाची मर्जी. शाळाप्रवेशाच्या कायद्यांची पुढची वाटचाल म्हणजे या तीन पायऱ्यांपैकी एकेक पायरी सार्वजनिक नियमाखाली येत जाण्याची कहाणी आहे.

१३/ जून १८५६ ते एप्रिल १८५८ : बावीस महिने. मधल्या काळात उत्तरेत १८५७ चा उठाव झाला. निर्णयानंतर अवघ्या तीन महिन्यांनी, ऑगस्ट १८५८ मध्ये, कंपनीची राजवटच कायद्याने संपली. अपील तत्त्वतः जिंकले गेले होते. परंतु शाळेतील जागा ही जमिनीसारखी नसते. जमिनीचा दावा वीस वर्षांनी जिंकला तरी जमीन हाती येते. मुलाचे शिकण्याचे वय निकालाची वाट पाहत थांबत नाही. विलंब हाच पुरेसा नकार ठरू शकतो, ही शाळाप्रवेशाच्या अपिलाची मूळ अडचण आहे. म्हणून येथे मुदतीला नियमाइतकेच महत्त्व असते.

१४/ तत्त्वाचा पुनरुच्चार होत राहिला. १८६३ साली भारतमंत्र्यांनी ते पुन्हा सांगितले. त्या वेळी त्या पदावर १८५४ च्या खलित्याचे कर्ते चार्ल्स वुड हेच होते. १८८२ साली विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शिक्षण आयोगाने तेच तत्त्व पुन्हा मान्य करण्याची शिफारस केली. सोबत एक सावध शब्दप्रयोग जोडला : सार्वजनिक पैशांवर पूर्णपणे चालणाऱ्या प्रत्येक संस्थेत ते ‘योग्य ती दक्षता घेऊन’ लागू करावे. अठ्ठावीस वर्षांत एकच वाक्य चौथ्यांदा लिहावे लागले, यावरूनच ते किती पाळले जात होते हे समजते.

१५/ याच आयोगापुढे जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी निवेदन दिले. महार-मांगांच्या मुलांना वरच्या जातींच्या मुलांशेजारी बसू दिले जात नाही. त्यामुळे ती सर्व शाळांतून व्यवहारतः वगळली जातात, असे त्यांनी सांगितले. सरकारने वेगळ्या शाळा काढल्या आहेत, पण त्या मोठ्या शहरांतच. पुण्यात या वर्गाची वस्ती पाच हजारांहून अधिक. तिच्यासाठी शाळा एकच, आणि तिची हजेरी तीस मुलांच्याही आत. त्या सुमारास इलाख्यातील मधल्या शाळांत कनिष्ठ गणलेल्या जातींचे विद्यार्थी होते १७. हायस्कुलांत एकही नव्हता.

१६/ वेगळी शाळा हा उपाय की टाळाटाळ? उत्तर सोपे नाही. जेथे दार मुळीच उघडत नव्हते, तेथे वेगळ्या शाळेने अक्षरओळख दिली. हंटर आयोगानेही अशा शाळांना उदार उत्तेजन द्यावे असे म्हटले. बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांनी १८८२-८३ पासून अंत्यजांसाठी मोफत शाळा काढल्या. १९०६ मध्ये विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापन करून शाळा चालविल्या. परंतु वेगळी शाळा आहे, हे सांगून सर्वांच्या शाळेचे दार बंद ठेवणेही त्यामुळे सोपे झाले. सोय झाली आणि हक्क लांबला, असे एकाच वेळी घडले.

१७/ सर्वांच्या शाळेसाठीची खटपट या काळात थांबली नव्हती. कोकणात दापोली येथे लष्करातून निवृत्त झालेल्या महार पेन्शनरांची वस्ती होती. पलटणीत शिकलेल्या या माणसांनी १८९० च्या दशकाच्या आरंभी नगरपालिकेच्या शाळेत आपल्या मुलांना घ्यावे, म्हणून अर्ज केले आणि चिकाटीने पाठपुरावा केला. अखेर मुलांना शाळेत घेतले गेले, पण बसायला जागा मिळाली ती ओसरीवर. हजेरीपटावर नाव आणि वर्गाबाहेर बैठक. नियमाचे शब्द पाळून त्याचा अर्थ कसा टाळता येतो, याचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण.

१८/ साताऱ्याच्या शाळेतही हेच चित्र होते. भीमराव आंबेडकर यांना वर्गात इतरांपासून दूर, स्वतःच्या गोणपाटावर बसावे लागे. ते गोणपाट रोज घरून न्यायचे आणि परत आणायचे. तहान लागली तर नळ सोडायला शाळेचा शिपाई हवा. तो नसेल तर पाणी नाही. पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही त्यांना फारसी घ्यावी लागली. प्रवेश हा एका दिवसाचा प्रसंग नसतो. दारातून आत गेल्यावर बसण्याची जागा, पाणी आणि विषय मिळतात की नाही, यावरून तो पुरा की अपुरा हे ठरते.

१९/ ही गाठ एका संस्थानाने सोडविली. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. १९१९ साली त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वसाधारण शाळांत दाखल करून घेण्याचा हुकूम दिला. मुंबई सरकार ज्याला साठ वर्षे घाईचा हस्तक्षेप म्हणत आले, ते येथे एका हुकमाने झाले. १८५६ च्या ठरावातील ‘शक्य नाही’ या शब्दांत अशक्यता किती आणि अनिच्छा किती होती, याचा अंदाज या तुलनेतून येतो.

२०/ इलाख्यात पुढचे पाऊल कायदे कौन्सिलात पडले. सीताराम केशव बोले यांचा ठराव ऑगस्ट १९२३ मध्ये संमत झाला. सार्वजनिक पैशांतून बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असे त्यात होते. महाडच्या चवदार तळ्याचा १९२७ चा सत्याग्रह याच ठरावाच्या आधारावर उभा राहिला. ठरावात शाळाही होत्या, हे मात्र अनेकदा विसरले जाते. १९२६ मध्ये बोले यांनी दुसरा ठराव आणला : जी स्थानिक मंडळे हे पाळणार नाहीत, त्यांचे अनुदान रोखावे.

२१/ १९२८ साली डॉ. आंबेडकर यांनी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन आयोगाला इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयी निवेदन सादर केले. त्यात ते धारवाडच्या अर्जाकडे परत गेले. एल्फिन्स्टन यांचे टिपण, १८५६ चा ठराव, कलकत्त्याचे पत्र, लंडनचा खलिता हे सारे त्यांनी क्रमाने मांडले आणि पुढे विद्यार्थिसंख्येचे आकडे ठेवले. दफ्तरात पडून राहिलेल्या एका मुलाच्या अर्जाला अशा रीतीने बहात्तर वर्षांनी वकील मिळाला. तत्त्व जाहीर करणे आणि ते अमलात आणणे यांत किती अंतर असते, हे त्यांनी सरकारच्याच कागदांवरून दाखविले.

२२/ १९५० साली राज्यघटना अमलात आली. तिचा अनुच्छेद २९(२) वाचताना १८५४ चे वाक्य आठवल्यावाचून राहत नाही. राज्याने चालविलेल्या किंवा राज्याच्या निधीतून साहाय्य मिळणाऱ्या शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात, भाषा या कारणांवरून कोणत्याही नागरिकाला प्रवेश नाकारता येणार नाही. ‘साहाय्य मिळणाऱ्या’ या शब्दांकडे लक्ष द्यावे. वर्गणीदारांसाठी ठेवलेली फट येथे बुजली. दुसरी पायरी नियमाखाली आली. आणि आता हा एखाद्या खलित्यातला उपदेश नव्हता. त्यासाठी न्यायालयात जाता येणार होते.

२३/ न्यायालयात पहिली मोठी कसोटी लागली ती उलट्या दिशेने. मद्रास राज्यात व्यावसायिक महाविद्यालयांच्या जागा समाजगटांत वाटून देणारा आदेश होता. १९५१ मध्ये चंपकम दोराईराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो अनुच्छेद २९(२) च्या आधारे रद्द ठरविला. त्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १५(४) घालून मागासवर्गांसाठी विशेष तरतुदीचा मार्ग मोकळा करण्यात आला. दार सर्वांना सारखे उघडे असणे आणि आजवर बाहेर ठेवलेल्यांसाठी जागा राखणे, या दोन्ही गोष्टी न्यायाच्या आहेत. त्यांची सांगड घालण्याचे काम तेव्हापासून चालू आहे.

२४/ तिसरी पायरी होती विनाअनुदानित खाजगी शाळांची. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने, कलम १२(१)(क) अन्वये, त्यांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील परिसरातील मुलांना द्याव्यात, असे ठरविले. कलम १३ ने कॅपिटेशन फी आणि प्रवेशासाठी मुलांची व पालकांची चाळणी यांवर बंदी घातली. कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा वगळल्या गेल्या.

२५/ येथे प्रतीक्षा यादी प्रथमच सामान्य पालकांच्या रोजच्या बोलण्यात आली. महाराष्ट्रात पालक ऑनलाइन अर्ज भरतात, घरापासूनच्या अंतरानुसार शाळा निवडतात, आणि मग सोडत निघते. सोडतीतून दोन याद्या तयार होतात : निवड यादी आणि प्रतीक्षा यादी. निवड झालेल्यांची कागदपत्रे पडताळणी समिती तपासते. मुदतीत कोणी प्रवेश घेतला नाही किंवा कागदपत्रे अपुरी ठरली, तर ती जागा प्रतीक्षा यादीतील पुढच्या क्रमांकाकडे जाते. हा क्रमांक गुणवत्तेचा नसतो. तो सोडतीचा असतो. मागे राहिलेले मूल कशातही कमी ठरलेले नसते.

२६/ म्हणून प्रतीक्षा यादी आणि अपील यांची गल्लत करू नये. क्रमांक लांबचा आहे, एवढ्यावरून अपील उभे राहत नाही. जागाच नसेल तर वरचा अधिकारीही ती निर्माण करू शकत नाही. परंतु क्रम डावलला गेला, अंतर चुकीचे मोजले गेले, पात्र कागदपत्र नाकारले गेले किंवा नियमाबाहेरचे कारण पुढे केले गेले, तर तो अपिलाचा विषय होतो. त्यासाठी कलम ३२ आहे. तक्रार लेखी स्वरूपात स्थानिक प्राधिकरणाकडे करायची. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे.

२७/ मुदतीचे महत्त्व २०२४ साली पुन्हा दिसले. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने महाराष्ट्र शासनाने सरकारी वा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरातील विनाअनुदानित शाळांना २५ टक्क्यांच्या बंधनातून वगळले. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली आणि १९ जुलै रोजी ती रद्द केली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने या निर्णयात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. दरम्यान सोडत निघाली होती, पण याद्या निकालापर्यंत रोखलेल्या होत्या. जूनमध्ये इतर मुलांच्या शाळा सुरू झाल्या. सोडतीतील मुले घरीच थांबली.

२८/ २०२४ च्या नियमामागचा विचार १८५६ सारखा नव्हता. सरकारी शाळा जवळ असताना खाजगी शाळेला प्रतिपूर्तीची रक्कम का द्यावी, हा त्यातील प्रश्न खर्चाचा होता. पण मुलाच्या बाजूने पाहिले, तर दोन्ही ठिकाणी उत्तर एका जातीचे होते : तुझ्यासाठी दुसरी सोय आहे, या दाराशी येऊ नकोस. फरक पडला तो दाद मागण्याच्या मार्गात. या वेळी नियम संसदेने केलेला होता, तपासणारे न्यायालय त्याच शहरात होते आणि पाच-सहा महिन्यांत निकाल लागला. तेवढ्यातही पहिलीचे काही आठवडे गेलेच.

२९/ आज शाळेबाहेर लावलेल्या किंवा मोबाइलवर आलेल्या प्रतीक्षा यादीत क्रमांक तेरा, चौदा, पंधरा असे आकडे दिसतात. ते पाहून पालकांचा जीव टांगणीला लागतो, हे खरे. परंतु त्या आकड्याला अर्थ आहे : पुढे किती मुले आहेत हे त्यावरून समजते, कोणी मध्ये घुसले तर ते दाखवून देता येते, आणि मुदत संपली की जाब विचारता येतो. धारवाडच्या अर्जदाराला सरकारने न्याय त्याच्याच बाजूने असल्याचे लिहून दिले, पूर्वग्रह लवकर दूर होतील अशी आशाही व्यक्त केली. क्रमांक आणि तारीख मात्र दिली नाही.

(समाप्त)